व्हर्टस १.० ऑटोमॅटिक: घाटात खरं काम टॉर्क कन्व्हर्टरचं

फोक्सवॅगन व्हर्टसचं १.० टीएसआय ऑटोमॅटिक मॉडेल मी घेतलं ते त्यातल्या टॉर्क कन्व्हर्टरसाठी (इंजिन आणि गिअरबॉक्स तेलाच्या प्रवाहानं जोडणारं यंत्र), आणि घाटरस्त्यावर ज्यांचं नेहमीचं जाणं-येणं आहे त्यांना मी हेच सुचवेन. १.५ इंजिन आणि सात गिअरचा डीएसजी (दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) असलेली व्हर्टस जास्त पळते, यात वादच नाही. तिची ताकद १५० पीएस, हिची ११५. पण मी कऱ्हाडला पॉलिटेक्निकमध्ये फ्लुइड मशिनरी शिकवते, माहेर चिपळूणला, आणि मधे कुंभार्ली घाट. माझ्या कामाचा प्रश्न वेगळा होता: चढावर थांबलेली भरली गाडी कोण सहज उचलतं?

चिपळूणहून परतताना पोफळी मागे पडली की चढ सुरू होतो. अवघड वळणावर वरून मालट्रक येत असला की बऱ्याचदा खालच्यालाच थांबावं लागतं. गाडीत चार माणसं, डिकी ५२१ लिटरची म्हणून आईनं तांदूळ आणि आंब्याच्या पेट्यांनी ठासून भरलेली. ट्रक गेला की मागचे हॉर्न वाजवायला लागतात, आणि तिथून निघायचं असतं.

आता इंजिन बघा. ९९९ सीसी, तीन सिलिंडर, टर्बो. टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, १७८ न्यूटन-मीटर, पण तो पूर्ण मिळतो १७५० आरपीएमपासून (मिनिटाला फेऱ्यांपासून) पुढे. त्याच्या खाली टर्बोनं जोर धरलेला नसतो. मॅन्युअल गाडीत ही उणीव आपण हाफ क्लचवर भरून काढतो. इथे ते काम तेल करतं. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की चाकं हलायच्या आतच आरपीएमचा काटा दोन हजारांकडे झेपावतो, कारण इंजिनाला जोडलेला पंप फिरतोय आणि गिअरबॉक्सकडचा टर्बाइन अजून जागेवरच आहे. हीच स्टॉलची अवस्था. टर्बाइनमधून परत येणारं तेल मधला स्टेटर वळवून पंपाच्या फिरण्याच्या दिशेनं सोडतो, त्यामुळे टॉर्क वाढतो. तो किती पटीनं वाढतो, तो स्टॉल रेशो. नेहमीच्या प्रवासी गाड्यांत तो साधारण १.८ ते २.५ असतो. दुप्पट धरला, तर पूर्ण अ‍ॅक्सिलरेटरवर १७८ चे साडेतीनशेच्या वर होतात, तेही पहिल्या गिअरनं आपली पट लावायच्या आधी. मोठ्या १.५ इंजिनाचा टॉर्क २५० आहे आणि डीएसजीत कन्व्हर्टरची ही पट नसते, हे लक्षात घेतलं की छोटं इंजिन चढावर का कमी पडत नाही ते कळतं.

ही वाढ टिकत नाही, आणि टिकायचं कारणही नाही. टर्बाइन वेग घेत पंपाच्या ८५-९० टक्क्यांपर्यंत आला की गुणोत्तर एकावर येतं, स्टेटर मोकळा फिरू लागतो, आणि पुढे लॉक-अप क्लच दोघांना बांधून टाकतो. हे डोळ्यांनी दिसतं: वेग वाढत असतो, काटा मात्र तिथेच थबकलेला, आणि मग पाय न हलवता तो थोडा खाली येतो. मी विद्यार्थ्यांना शेजारी बसवून हेच बघायला सांगते. १९०५ साली हेरमान फ्योटिंगरनं हे यंत्र जहाजांसाठी काढलं, वेगानं फिरणारी वाफेची टर्बाइन आणि संथ फिरणारा प्रोपेलर जुळवायला. त्याच युक्तीवर आज चाकणला बनलेली गाडी कोयनेचा घाट चढते, याचं मला अजून अप्रूप वाटतं.

किंमत पेट्रोलमध्ये मोजावी लागते. गाडी बाजारात आली २०२२ मध्ये, तेव्हाचे एआरएआय या वाहन-चाचणी संस्थेचे आकडे: १.० मॅन्युअल लिटरला १९.४० किलोमीटर, १.० ऑटोमॅटिक १८.१२, आणि मोठ्या इंजिनाची डीएसजी १८.६७. मोठं इंजिन पुढे जातं, त्यात हलक्या भारावर दोन सिलिंडर बंद करण्याच्या सोयीचाही हात आहे. पण घसरत्या तेलात ऊर्जेची उष्णता होते, ती कुठूनतरी येणारच. कऱ्हाडच्या गर्दीत थांबत-थांबत जाताना लॉक-अप क्लच फारसा गुंततच नाही आणि मायलेज उतरतं.

म्हणूनच ‘स्टॉल जेवढा जास्त तेवढी गाडी जोरदार’ हे खरं नाही. स्टॉल रेशो म्हणजे टॉर्कची पट, आणि स्टॉल स्पीड म्हणजे चाकं अडवल्यावर इंजिन जास्तीत जास्त किती आरपीएम गाठतं ते. या दोन गोष्टींची लोक सर्रास गल्लत करतात. अमेरिकेत ड्रॅग रेससाठी जास्त स्टॉल स्पीडचे कन्व्हर्टर बसवतात, कारण त्यांच्या इंजिनांचा जोर वरच्या आरपीएमला असतो. डिझेलचा जोर खालीच असतो, तिथे कन्व्हर्टर घट्ट, म्हणजे कमी स्टॉल स्पीडचा लागतो. इंजिनाला जुळेल तोच चांगला, आणि या छोट्या टर्बोला तो फार नेमका जुळलाय.

दोन गोष्टी मात्र पाळा. चढावर थांबल्यावर अ‍ॅक्सिलरेटरवर गाडी तोलून धरू नका, कन्व्हर्टरमधलं तेल तापतं. ब्रेक लावा, निघताना हिल-होल्ड क्षणभर गाडी धरून ठेवतो. आणि ब्रेक-अ‍ॅक्सिलरेटर एकत्र दाबून घरी स्टॉल टेस्ट करू नका. वर्कशॉपमध्येसुद्धा ती पाच सेकंदांवर नेत नाहीत.

एका दुसऱ्या कंपनीच्या शोरूममध्ये मला सांगितलं होतं, ‘मॅडम, ऑटोमॅटिक सगळ्या सारख्याच.’ असं कुणी म्हणालं तर टेस्ट ड्राइव्हला चार माणसं बसवा, जवळच्या चढावर गाडी पूर्ण थांबवा आणि पहिले वीस फूट हळू चालवून बघा. कन्व्हर्टर, एएमटी (मॅन्युअल गिअरबॉक्सच, पण क्लच यंत्र दाबतं) आणि सुक्या क्लचची डीसीटी (डीएसजीसारखी दोन क्लचची), तिन्ही तिथेच वेगळ्या ओळखू येतात.