पोवई नाक्यावर भेटलेला माणूस आणि ४१,६०० रुपयांची पूड

हे लिहायला मला आठ महिने लागले. आधी लाज वाटत होती, मग संताप होता. आता लिहिते आहे, कारण गेल्या आठवड्यात आमच्या शाळेतल्या एका बाईंच्या सासऱ्यांना अगदी तसाच माणूस भेटला आणि अगदी तीच वाक्यं बोलला.

मी ४७ वर्षांची, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. सहा वर्षं झाली, रोज पहाटे साताऱ्याचा अजिंक्यतारा गड चढते. रविवारी यवतेश्वरच्या घाटात पळायला जाते. सप्टेंबरमधल्या हिल मॅरेथॉनसाठी नाव नोंदवलेलं होतं. जूनच्या अखेरीस डाव्या कुल्ल्यात ठणका सुरू झाला. आधी वाटलं, पावसात घसरले त्याचं असेल. मग कळ मांडीच्या मागून पोटरीत उतरायला लागली आणि अंगठ्याला मुंग्या यायला लागल्या. वर्गात खुर्चीवर दहा मिनिटं बसवेना.

हाडांच्या डॉक्टरांनी मला झोपवून पाय सरळ वर उचलून बघितला. अर्ध्यावरच मी ओरडले. त्यांनी नीट समजावून सांगितलं: कमरेच्या खालच्या मणक्यांमधून निघणाऱ्या नसांच्या मुळ्या एकत्र येऊन सायटिक नस होते आणि ती कुल्ल्यातून पायात जाते, म्हणून दोष कमरेत असला तरी कळ पोटरीत येते. दोन मणक्यांमधली गादी सरकून मुळीवर दाब आला असावा. बहुतेकांचं सहा ते बारा आठवड्यांत कमी होतं. पडून राहायचं नाही, सपाटीवर जमेल तेवढं चालायचं, फिजिओथेरपी घ्यायची. पळणं आणि गड मात्र सध्या बंद. एमआरआयची आत्ता गरज नाही, म्हणाले.

सल्ला चांगला होता. पण मी त्यातलं ‘बंद’ एवढंच ऐकलं. रोज हालचाल करणाऱ्या माणसाला ‘थांबा’ म्हटलं की काय होतं, ते ज्याचं त्यालाच ठाऊक. फसवणारे नेमके तिथेच हात घालतात.

चौथ्या दिवशी पोवई नाक्यावर औषधाच्या दुकानातून बाहेर पडले, तेव्हा पन्नाशीचा एक माणूस जवळ आला. स्वच्छ शर्ट, हातात भाजीची पिशवी. “ताई, रागावू नका, डावा पाय ओढताय म्हणून विचारतो. बसलं की जास्त दुखतं ना? खोकलं की कमरेतून कळ जाते?” मी थक्क झाले. “माझ्या आईला हेच होतं. ऑपरेशन सांगितलं होतं. आता ती शेतात जाते.” आज मला कळतं की गादी सरकलेल्या कितीतरी रुग्णांना हेच होतं. असा पाय ओढणाऱ्या कुणालाही विचारलं तरी बरीच उत्तरं बरोबर येतील.

त्याने पैसे मागितले नाहीत, दुकानाची जाहिरातही केली नाही. “ते जाहिरात करत नाहीत, ओळखीनेच जावं लागतं,” म्हणाला आणि रिक्षात बसवून स्वतः सोबत आला. हायवेच्या बाजूला एक गाळा होता. आत काचेच्या बरण्या, भिंतीवर धन्वंतरीचा फोटो. एक आजी बाहेर पडताना म्हणाल्या, “बाई, गुडघे मोकळे झाले बघ.” त्याही त्यांच्यातल्याच असणार, असं आता वाटतं.

वैद्य म्हणवणाऱ्या माणसाने नाडी धरली, ‘गृध्रसी’ (सायटिकाचं आयुर्वेदातलं नाव) असं कागदावर लिहिलं आणि सात-आठ औषधांची नावं सांगितली. मी भाव विचारला. “सोळाशे,” म्हणाला. मला वाटलं, सगळ्या औषधाचे. सोनाराकडे असतो तसल्या छोट्या काट्यावर तो एकेक पूड तोलत होता, खलात टाकत होता, आणि पोरगा कुटत होता. सगळं एकत्र झाल्यावर त्याने कॅल्क्युलेटर माझ्याकडे फिरवला. २६ ग्रॅम, ग्रॅमला १,६००. एकूण ४१,६००.

मी म्हटलं, एवढं नको. “ताई, कुटून झालं. आता हे वेगळं कसं करणार? भस्मं आहेत यात.” सोबत आलेला माणूस समजावत होता, पोरगा दारात उभा होता. कुणी धमकी दिली नाही, आवाजही चढवला नाही. तरी मला तिथून उठता आलं नाही. २५,००० फोनवरून दिले, ते दुकानाच्या नावावर न जाता भलत्याच कुणाच्या तरी नावावर गेले. उरलेल्या पैशांसाठी पोरगा माझ्याबरोबर एटीएमपर्यंत आला. बिल मागितलं तर म्हणाला, बिलाला जीएसटी वेगळा पडेल. वर्तमानपत्राच्या कागदात बांधलेल्या पुड्या घेऊन मी घरी आले. कुठल्याच पुडीवर एक अक्षरही छापलेलं नव्हतं.

आणि तिसऱ्या दिवशी दुखणं गेलं.

खरा घात इथे झाला. मी रडले आनंदाने. घरातल्यांना सांगितलं, चाळीस हजार गेले तर गेले, पाय मिळाला. आठव्या दिवशी यवतेश्वरचा घाट पळून आले. भूक इतकी लागायची की रात्री उठून भाकरी खायचे, झोप मात्र उडाली होती. चेहरा भरून आला. यजमान म्हणाले, “गाल सुजल्यासारखे दिसतात तुझे.” मी म्हटलं, तब्येत सुधारतेय.

तिसऱ्या आठवड्यात शाळेच्या व्हरांड्यातून जाताना एक मुलगी मागून धावत आली. “मॅडम, तुमची चप्पल.” डाव्या पायातली चप्पल चार पावलं मागे पडली होती आणि मला समजलंच नव्हतं.

त्याच संध्याकाळी डॉक्टरांकडे गेले. त्यांनी मला टाचांवर चालायला लावलं. उजवं पाऊल उचललं गेलं, डावं पुढून खाली पडत होतं. आता मात्र त्यांनी लगेच एमआरआय करायला सांगितला. कमरेच्या चौथ्या आणि पाचव्या मणक्यामधली गादी नसेवर चांगलीच दाबलेली निघाली. आयुष्यात कधी मधुमेह नव्हता, तरी साखर २१० आली. पुड्या दाखवल्या तेव्हा ते गप्प झाले. म्हणाले, तपासल्याशिवाय नक्की सांगता येणार नाही, पण सुजलेला चेहरा, भूक, साखर आणि एवढ्या लवकर मिळालेला आराम बघता यात स्टेरॉइड मिसळल्याचा दाट संशय आहे. दुखणं दबलं, दाब तसाच राहिला, आणि मी त्याच मणक्याला घेऊन घाट पळत होते.

पुड्या मला एका झटक्यात बंद करू दिल्या नाहीत. दिवस जास्त झाले की शरीर स्वतःचं स्टेरॉइड तयार करणं मंदावतं आणि अचानक थांबवलं तर माणूस कोसळू शकतो, म्हणून डॉक्टरांनी स्वतःच्या औषधावर घेऊन हळूहळू कमी केलं. त्यांनी आणखी एक गोष्ट तीनदा सांगितली, तीही लिहिते: लघवी-शौचावरचा ताबा सुटला, जांघेत बधिरपणा आला किंवा पायातली ताकद झपाट्याने गेली, तर त्याच दिवशी मोठ्या हॉस्पिटलमध्ये जायचं, सकाळची वाट बघायची नाही. माझं ऑपरेशन टळलं. पाऊल पूर्ण उचलायला तीन महिने गेले. साखर आता ठीक आहे. मॅरेथॉन अर्थातच राहिली.

दरम्यान आम्ही त्या गाळ्यावर जाऊन आलो. शटर बंद. शेजारचा म्हणाला, दोन महिन्यांच्या भाड्याने होते, गेले. पोलिसांत अर्ज दिला, उरलेल्या पुड्या अन्न व औषध प्रशासनाकडे दिल्या, ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन केला. प्रत्येकाने पहिल्यांदा बिलच मागितलं.

आयुर्वेदावर माझा राग नाही. माझ्या आईचं आयुष्य एका चांगल्या वैद्यांच्या औषधावर गेलं. ते आपला नोंदणी क्रमांक भिंतीवर लावत आणि औषध स्वतःच्या हाताने लिहून देत. बाजारात विकल्या जाणाऱ्या आयुर्वेदिक औषधावरही उत्पादकाचं नाव, परवाना क्रमांक, बॅच आणि घटक छापलेले असावे लागतात. भाव सांगितला तर तो ग्रॅमचा, डोसाचा की सगळ्याचा, हे कुटायला घेण्याआधी विचारा. शक्य असेल तर घरचं माणूस सोबत न्या आणि त्या दिवशी पैसे देऊच नका. रस्त्यात भेटलेला माणूस तुमच्यासोबत रिक्षात चढला, तर रिक्षातून उतरा.

आणि अशी पुडी आत्ता तुमच्या घरात असेल, आई-वडील ती घेत असतील आणि बरं वाटतंय म्हणत असतील, तर टाकून देऊ नका, परस्पर बंदही करू नका. पुडीसकट त्यांना उद्याच डॉक्टरांकडे न्या, साखर आणि रक्तदाब तपासा, आणि एक पुडी तक्रारीसाठी बाजूला ठेवा.