जुन्या ॲम्पमधला रिले बदलायचा तर: सीलबंद की व्हॅक्यूम?

हॅम रेडिओचा (हौशी बिनतारी संदेशाचा) सिग्नल जोरदार करणारा जुना ॲम्प्लिफायर, म्हणजे हीथकिटचा एसबी-२२० सारखा ॲम्प, हाती आला की आधी ट्यूब, मग फिल्टर कपॅसिटर, मग पंखा असं करत गाडी शेवटी रिलेवर, म्हणजे ऐकणं आणि प्रक्षेपण यांत अँटेनाची अदलाबदल करणाऱ्या विजेच्या स्विचवर, येतेच. ड्रेक, कॉलिन्स किंवा केनवूडचे त्या काळातले ॲम्प असले तरी कथा फारशी वेगळी नाही. मी न्यू जर्सीत, तळघरातल्या शॅकमध्ये (रेडिओच्या खोलीत) एसबी-२२० चालवतो. त्यात मूळचा उघडा रिले, मग छोटे सीलबंद रिले आणि आता व्हॅक्यूम रिले, असे तिन्ही प्रकार वापरून झाले आहेत. तेव्हा पुढे जे लिहितो आहे ते कानाचं आणि हाताचं मत समजा, प्रयोगशाळेचं नव्हे.

एक गोष्ट गृहीत धरतो: सॉफ्ट-की (रिगला ॲम्पच्या जास्त व्होल्टेजपासून वाचवणारं छोटं सर्किट) तुम्ही बसवलेला आहे. एसबी-२२०च्या मागच्या की-जॅकवर, म्हणजे रिग जिथून ॲम्पचा रिले चालवतो तिथे, ११० व्होल्टच्या आसपास डीसी असतो आणि आयसी-७३०० सारख्या आजच्या रिगची (रेडिओ सेटची) सेंड लाइन १६ व्होल्ट, अर्धा अँपियर एवढंच झेपवते. रिले बदला किंवा राहू द्या, ते काम चुकत नाही. झाकण उघडण्याआधी प्लग काढणं आणि तीन हजार व्होल्टचे कपॅसिटर रिकामे झाले आहेत याची स्वतः खात्री करणं, हेही सांगायला नको.

मूळ रिलेबद्दल आधी चार शब्द, कारण त्याला उगाच शिव्या बसतात. एकाच आर्मेचरवर कॉन्टॅक्टचे तीन संच: एक इनपुटचा, एक अँटेनाचा आणि तिसरा बायसचा (ऐकताना ट्यूब बंद ठेवणाऱ्या व्होल्टेजचा). सगळे एकदमच हलतात, त्यामुळे कोण आधी आणि कोण नंतर ही भानगड फारशी उरत नाही. खराब झाला तर डोळ्यांना दिसतो. बाँड पेपरची बारीक पट्टी कॉन्टॅक्ट क्लीनरमध्ये बुडवायची, कॉन्टॅक्टमध्ये धरून हळूच ओढायची, काळी रेघ उमटते, काम झालं. ज्यांचं सगळं बोलणं एसएसबीवर, म्हणजे माइकवर, होतं आणि ज्यांची शॅक झोपायच्या खोलीला लागून नाही, त्यांनी तो खुशाल राहू द्यावा.

अडचण सीडब्ल्यूवाल्यांची, म्हणजे मोर्स वाजवणाऱ्यांची. मिनिटाला २५ शब्दांच्या वेगाला एक डिट (मोर्सचा टिंब) ४८ मिलिसेकंदांचा असतो. जुना रिले बसायलाच १५-२० मिलिसेकंद घेतो, वर उसळतो ते वेगळंच. पहिला डिट तोकडा निघतो आणि त्याहून वाईट म्हणजे रिगची आरएफ (रेडिओ लहर) आधी पोचते, कॉन्टॅक्ट मागून बसतो. अशा ठिणग्यांनी कॉन्टॅक्टला खड्डे पडतात. नव्या रिगमध्ये आरएफला उशीर लावायची सोय असते, पण तो उशीर २५-३० मिलिसेकंदांवर नेला की ब्रेक-इनची, म्हणजे डिटांच्या मधे ऐकण्याची, मजाच जाते. आणि आवाज! रात्री अकरानंतर ४० मीटर बँडवर मोर्सची की चालवली की वरच्या मजल्यावरून जिन्यात पावलं ऐकू येतात. आमच्याकडे तरी यायची.

आता सीलबंद रिले. १६ अँपियरचे, सर्किट बोर्डावर बसणारे, आगपेटीहून लहान. पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडवर सहज मिळतात, इथे तर घरपोच येतात. दोन आरएफला आणि एक बायसला, तिघांची मिळून किंमत एका चांगल्या कोॲक्स कनेक्टरच्या जोडीएवढी. १२ व्होल्टचे घेतले तर फिलामेंटच्या ५ व्होल्ट एसीवर डबलर (व्होल्टेज दुप्पट करणारं सर्किट) लावून कॉइलचा पुरवठाही आतच होतो. आवाज इतका कमी की पंख्याच्या घरघरीत तो हरवतो. सात ते दहा मिलिसेकंदांत बसतात. सुटताना थोडे रेंगाळतात, कारण कॉइलवरचा डायोड. त्या डायोडशी सिरीजमध्ये एक झेनर टाकला की तेही सुधारतं. तारा आखूड ठेवा, नाहीतर बायपासमध्ये (सिग्नल ॲम्पने न वाढवता सरळ जातो तेव्हा) १० मीटरवर एसडब्ल्यूआर, म्हणजे परत फिरणाऱ्या लहरीचं माप, चढलेला दिसेल. बसवल्यावर मी खूश होतो. अजूनही म्हणेन की खर्चाच्या मानाने याच्याइतकी सुधारणा जुन्या ॲम्पमध्ये दुसरी कुठली होत नाही.

मग माझा कल दुसरीकडे का गेला? वेगामुळे नाही, पॉवरमुळे तर अजिबात नाही. ऐकण्यामुळे.

इथल्या सकाळी, म्हणजे भारतातल्या संध्याकाळी, २० मीटरवर पुण्याच्या एका जुन्या मित्राशी माझं ठरलेलं बोलणं असतं. तो सिग्नल उत्तर ध्रुवाच्या अंगाने येतो, थरथरत आणि बारीक. एस-मीटरची (सिग्नलची ताकद दाखवणाऱ्या मीटरची) काडी हलली तरी भाग्य. सीलबंद रिले बसवल्यावर काही महिन्यांनी, विशेषतः दमट उन्हाळ्यात, सकाळी रिग लावला की बँड मेल्यासारखा वाटायचा. सूर्यावरचे डाग, अँटेना, कोॲक्सच्या सांध्यात शिरलेलं पाणी, सगळ्यांवर संशय घ्यावा असं वातावरण. मग एकदा पीटीटी (बोलण्याचं बटण) दाबून सोडलं की खट्कन पडदा उघडावा तसा गोंगाट वर यायचा, तीनचार एस-युनिटने. दहापंधरा मिनिटं नुसतं ऐकत बसलं की हळूहळू पुन्हा मंद. ॲम्प मधून काढून रिग थेट अँटेनाला जोडला की हा खेळ बंद. म्हणजे रोग रिलेतच.

कारण सरळ आहे, फक्त आपलं तिकडे लक्ष जात नाही. आपण रिले निवडतो तो प्रक्षेपणाच्या बाजूने विचार करून: किती अँपियर, किती व्होल्ट. पण दिवसातला बहुतेक वेळ तो रिले ऐकत असतो. अँटेनाकडून येणारा सिग्नल दोन सुट्या स्थितीतल्या कॉन्टॅक्टांमधून रिगपर्यंत पोचतो, एक आउटपुटचा आणि एक इनपुटचा. एस-मीटरवरचा जोरदार सिग्नल, एस-९, म्हणजे ५० मायक्रोव्होल्ट. ५० ओहमच्या लाइनवर तो झाला एक मायक्रोअँपियर. आणि या जातीच्या रिलेंची डेटाशीट खालपर्यंत वाचली तर किमान भाराची ओळ सापडते: ५ व्होल्टला १०० मिलीअँपियर किंवा त्याच्या आगेमागे. म्हणजे आपला दणदणीत एस-९ सुद्धा त्या किमान प्रवाहाच्या एक लाखावा भाग. चांदीच्या मिश्रधातूवर हवेने, दमटपणाने, प्लास्टिकच्या वाफांनी जो पातळ थर चढतो तो फोडायला या प्रवाहात दमच नसतो. जोराचा प्रवाह गेला किंवा कॉन्टॅक्ट घासून बसला की थर तात्पुरता मोडतो. म्हणून पीटीटी दाबल्यावर कान उघडतात. मूळच्या उघड्या रिलेलाही हेच दुखणं होतं, पण त्याला कागदाची पट्टी होती. इथे झाकण चिकटवलेलं.

कंपनी बदलून पाहा असं कोणी सुचवेल. मी सुचवणार नाही, गुण त्या जातीचाच आहे. सोन्याचा मुलामा असलेले रिले काही काळ बरे चालतात, पण ॲम्प बायपासमध्ये ठेवून रिगचे १०० वॅट त्याच कॉन्टॅक्टांतून जातात, म्हणजे १.४ अँपियर, आणि एखाद्या वेळी रिले हलताना आरएफ चालू असली की मुलामा गेलाच. दुसरा उपाय म्हणजे ऐकताना कॉन्टॅक्टांतून काही मिलीअँपियर डीसी वाहता ठेवायचा: दोन चोक (आरएफ अडवणाऱ्या कॉइल), दोन ब्लॉकिंग कपॅसिटर, एक रेझिस्टर. इनपुटला हे जमून जातं. आउटपुटला मात्र तो चोक पूर्ण पॉवरच्या आरएफ व्होल्टेजखाली बसतो, १५०० वॅटला २७० व्होल्टहून थोडा जास्त, आणि १६० मीटरपासून १० मीटरपर्यंत त्याने कुठेही गडबड करायची नाही. ज्याला चोक गुंडाळण्यात रस आहे त्याने जरूर करावं. मला त्यापेक्षा ऐकत बसण्यात जास्त रस आहे.

व्हॅक्यूम रिलेत हा प्रश्न जवळजवळ उरतच नाही. काचेच्या किंवा सिरॅमिकच्या नळीत हवाच नाही, तर थर चढणार कशाचा? जेनिंग्सचा आरजे-१ए हा हॅम मंडळींचा जुना ओळखीचा. गिगाव्हॅक आणि किलोव्हॅकचे त्याच घडणीचे आहेत, सोव्हिएत काळातले २७ व्होल्टचेही बाजारात फिरतात. माझ्याकडचा आरजे-१ए आहे. बसवल्यापासून सकाळचा पहिला सिग्नल पीटीटी न दाबता जसा आहे तसा ऐकू येतो. वेगात तो सीलबंदच्या थोडा पुढे असेल, पण माझ्या सीडब्ल्यूच्या वेगाला उन्नीस-बीसच. क्यूएसकेसाठी (पूर्ण ब्रेक-इनसाठी) म्हणून याचं जे कौतुक होतं ते खोटं नाही, फक्त ३० शब्दांच्या खाली त्याचा फारसा उपयोग जाणवत नाही.

त्याचे नखरे मात्र आहेत. कॉइल २६.५ व्होल्टची, ८० मिलीअँपियरच्या आसपास घेते, आणि एसबी-२२०च्या आत असा पुरवठा नाही. हिरवट रंगाचं छोटं बूस्ट मोड्यूल (व्होल्टेज चढवणारं) लावायचा मोह होतो, तो टाळा. ज्या ऐकण्यासाठी हा सगळा खटाटोप, त्यावरच ते किरकिर पसरवतं. १८-२० व्होल्टचा लहान ट्रान्सफॉर्मर, ब्रिज आणि कपॅसिटर एवढं पुरे. आवाजाबद्दलही गैरसमज आहे. थेट चॅसिसला आवळला तर टणक ‘टक्’ येतो आणि पत्रा तो मोठा करून सांगतो. भोक थोडं मोठं पाडून रिले सिलिकॉनच्या गादीत बसवला की आवाज बसतो. आरजे-१एचे कॉन्टॅक्ट प्रवाह वाहण्यासाठी आहेत, तोडण्यासाठी नाहीत. आरएफ चालू असताना हलवाल तर महागात पडेल, आणि तिथे सीलबंदवाला हसेल, कारण त्याचा रिले चहाच्या पैशांत बदलतो.

किंमत ही खरी आडकाठी. नवीन घ्यायचा तर जुन्या ॲम्पच्या किमतीचा चांगलाच हिस्सा एका रिलेत जातो. वापरलेले ओहायोत झीनियाला मे महिन्यात हॅमव्हेन्शन या हॅम मेळाव्याच्या जुन्या बाजारात मांडलेले असतात. तिथे मीटरने कॉन्टॅक्ट तपासून काही कळत नाही. निर्वात गेलेला रिलेसुद्धा ओहममीटरवर शहाण्यासारखा वागतो. काही हजार व्होल्टची हाय-पॉट चाचणी करून दाखवतो का, असं विक्रेत्याला विचारा. तो इकडेतिकडे बघायला लागला तर पुढच्या टेबलाकडे वळा.

आणखी एक मुद्दा, जो मला बरेचजण अर्धवट केलेला दिसतो. आउटपुटला व्हॅक्यूम आणि इनपुटला तोच सीलबंद चांदीवाला, अशी जोडी लावली तर ऐकण्याच्या वाटेत तो थर अजून आहेच. साखळीतली दुसरी कडी तीच. म्हणून इनपुटला मी रीड रिले लावला. काचेत बंद, १०० वॅट वाहायला पुरेसा, आरएफ चालू असताना तोडायचा नाही एवढंच पथ्य. रीड व्हॅक्यूमच्याही आधी बसतो. म्हणजे क्षणभर ट्यूबना ड्राइव्ह मिळेल पण अँटेना जोडलेली नसेल, आणि लोड नसलेला टँक (आउटपुट जुळवणारं सर्किट) बँडस्विचवर ठिणग्या पाडतो. बँडस्विच मिळणं रिलेहून अवघड. म्हणून रीडच्या कॉइलला किंचित उशीर, आणि शिवाय रिगमधला आरएफचा उशीर १० किंवा १५ मिलिसेकंदांवर. मूळ रिलेचं तिसरं काम, बायसचं, ते एका ट्रान्झिस्टरकडे दिलं. तिथे साधा छोटा रिलेही चालतो, त्या वाटेने सिग्नल जात नाही.

तेव्हा ठरवताना ॲम्पच्या पॉवरकडे कमी आणि स्वतःच्या सवयीकडे जास्त बघा असं मला वाटतं. स्थानिक गप्पा, जोरकस सिग्नल, संध्याकाळी दोनचार क्यूएसओ (संपर्क) एवढंच असेल तर सीलबंद तिघे घ्या आणि उरलेल्या पैशांत पंखा बदला. तळातले, गोंगाटात बुडालेले सिग्नल उकरून काढायची खोड असेल तर व्हॅक्यूम आणि रीड. दोन्हींच्या मधोमध राहायचं असेल तर निदान इनपुटचा रिले आधी बदला, तो स्वस्तातला अर्धा उपाय आहे.

पुण्याच्या मित्राने हे सगळं ऐकून घेतलं आणि सीलबंदच बसवले. व्हॅक्यूम रिले तिकडे मिळवणं हाच एक उद्योग, असं त्याचं म्हणणं. तो रोज बोलतो, त्याचे कॉन्टॅक्ट रोज घासले जातात, त्याला अजून त्रास नाही. पावसाळ्यात पंधरा दिवस ॲम्प बंद ठेवून मग नुसतं ऐकून बघ, एवढंच मी त्याला सांगितलं आहे.