नवी वाट, जुना पट्टा की जमिनीखाली? ४०० केव्हीची लाईन दारात आल्यावर

आमच्या कुळागराच्या, म्हणजे माड-सुपारीच्या बागेच्या, वरच्या अंगाने २२० केव्हीची (किलोव्होल्टची) वीजलाईन जाते. मला कळायला लागलं तेव्हापासून ती आहे. धुकं उतरलं की तारा गुणगुणतात, आजी म्हणायची, "जपाला बसल्या." दर वर्षी पावसाआधी चार-पाच गडी कोयते घेऊन येतात, वर डोकं काढलेली झाडं छाटतात आणि फांद्या तिथेच टाकून जातात. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे मी जी बाजू घेणार आहे ती माझ्याच कुळागराच्या मुळावर येणारी आहे.

गोव्यात मोठं वीजकेंद्र नाही. आपली वीज महाराष्ट्र आणि कर्नाटकातून घाट उतरून येते. त्यामुळे 'लाईन नकोच' म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही. 'विकास हवा तर गप्प बसा' म्हणणाऱ्यांशी तर मुळीच नाही. ज्याला आपण सगळे 'तमनार' म्हणतो ते नाव छत्तीसगडातल्या गावाचं. तिकडच्या केंद्रांची वीज बाहेर काढायची आणि गोव्याला ४०० केव्हीची आणखी एक जोडणी द्यायची, ही दोन्ही कामं एकाच प्रकल्पात बांधली गेली, म्हणून ते नाव आपल्या पदरात पडलं. धारवाडजवळच्या नरेंद्र उपकेंद्रापासून घाटातून लाईन, मोल्याजवळ सांगोडला नवं उपकेंद्र, असा तो बेत. २०२० साली त्यासाठीच्या जंगलतोडीवरून काय रान उठलं ते सगळ्यांना आठवतं. एप्रिल २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या केंद्रीय सक्षम समितीने अहवाल दिला. लाईनच्या बाबतीत समितीचं म्हणणं असं होतं की जंगलात नवा पट्टा पाडण्यापेक्षा आधीच्या २२० केव्ही लाईनचाच पट्टा वापरा.

गावाच्या ग्रामसभेत मात्र हा प्रश्न 'हवी की नको' असाच येतो. खरं तर निवड मार्गाची आणि पद्धतीची आहे.

नवी वाट

४०० केव्हीच्या लाईनला ४६ मीटर रुंद पट्टा लागतो, २२० ला ३५ मीटर. म्हणजे नवी वाट काढली तर दर किलोमीटरला ४.६ हेक्टर. कंपनीला ही वाट आवडते. आखणी सरळ होते, चालू लाईन बंद ठेवावी लागत नाही. शिवाय एक मुद्दा खरोखर वजनाचा आहे: दोन लाईनी दोन वाटांनी गेल्या तर एक दरड दोन्ही पाडू शकत नाही. जुलै २०२१ मध्ये दूधसागर घाटात दरड कोसळून रेल्वेगाडी रुळावरून घसरली होती. तोच डोंगर, तोच पाऊस. हा मुद्दा कोणी मांडला तर हसण्यावारी नेऊ नका.

आता पट्ट्याखाली उरतं काय ते बघू. ४०० केव्हीची तार तिच्या सगळ्यात खालच्या झोळाला जमिनीपासून किमान ८.८४ मीटर वर ठेवावी लागते आणि झाड तारेपासून ५.५ मीटर दूर हवं. वजाबाकी केली की झाडाला साधारण सव्वातीन मीटर उंची मिळते. माडी (सुपारीचं झाड) गेली, माड गेला, फणस गेला, चांगला पसरलेला काजूही गेला. मिरीची वेल माडीवर चढते, म्हणून तीही गेली. राहतं ते भात, हळद, अननस. सर्व्हेवाला सांगतो, "शेती करता येईल हो." त्याच्या डोळ्यांसमोर शेत असतं, आपल्यासमोर कुळागर.

पण हे आकडे सपाट जमिनीचे आहेत आणि आपलं कुळागर असतं घळीत, दोन मोरडांच्या (डोंगरउतारांच्या) मधे, झरीच्या काठाला. टॉवर दोन्ही बाजूंच्या माथ्यावर बसले तर घळीवरून जाणारी तार पन्नास मीटर वरूनही जाऊ शकते, आणि मग खालच्या माड्यांना हात लावायची गरज नसते. टॉवर उतारावर शंभर पावलं खाली सरकला की तीच तार माड्यांच्या शेंड्यांना येऊन भिडते. मार्गाचा नकाशा वरून बघून हे कळत नाही. म्हणून सपाट नकाशा नको, लाईनचा उभा छेद मागा: टॉवर कुठे, जमीन कुठे, तार कुठे, हे त्यात रेघेने काढलेलं असतं. माझ्या मेव्हण्याच्या गावात सर्व्हेच्या माणसांनी घळीतल्या सरसकट सगळ्या माड्यांना तांबडे पट्टे ओढले होते. त्याने छेद मागितला आणि निम्म्याहून जास्त पट्टे पुसावे लागले. रंग अजून दिसतो, माड्या उभ्या आहेत.

जुना पट्टा

इथे हिशेब वेगळा. ३५ चे ४६ करायचे म्हणजे ११ मीटर वाढवायचे, किलोमीटरला १.१ हेक्टर. जुने टॉवर काढून त्याच वाटेने असे उंच टॉवर उभे करायचे की एकाच खांद्यावर ४०० आणि २२० दोन्ही. जंगल वाचवायचं असेल तर याच्या जवळपास दुसरं काही येत नाही, आणि माझं मत याच बाजूला आहे.

अडचणी खोट्या नाहीत. जुनी लाईन टप्प्याटप्प्याने बंद ठेवावी लागते. काम करता येतं ते कोरड्या दिवसांत, आणि एप्रिल-मेमध्ये गोव्यात घराघरांत पंखे आणि हॉटेलांत एसी धावत असतात. दरडीचा धोका एकाच वाटेवर गोळा होतो. आणि वहिनी विचारते ते वेगळंच: "एकदा दिलं त्यांनीच परत द्यायचं? दुसऱ्यांना जमीन नाही काय?" तिला माझ्याकडे उत्तर नाही. म्हणून माझी अट आहे. जुन्या पट्ट्यातल्या माणसाला फक्त वाढीव ११ मीटरचे पैसे देऊन वाटेला लावू नये, पूर्ण ४६ मीटरला आजचा दर लावावा. ग्रामसभेने जुन्या पट्ट्याला पाठिंबा द्यायचाच तर ठरावात ही ओळ असायला हवी.

जिथे घरं चिकटून आहेत तिथे एकखांबी टॉवर मागता येतो. चार पायांच्या जाळीदार टॉवरला दहा-पंधरा मीटर बाजूचा चौकोन लागतो, खांब दोन-तीन मीटरच्या घेरात उभा राहतो. महाग पडतो, म्हणून कंपनी आपणहून देत नाही. पण त्याने पट्ट्याची रुंदीही कमी होईल या भ्रमात राहू नका, ती फारशी कमी होत नाही.

आणखी एक पर्याय आहे ज्याचं नाव बैठकीत कोणी काढत नाही: टॉवर तेच, तार नवी. जास्त तापमान सोसणारी, तापली तरी कमी झोळणारी तार आता मिळते. ती जुन्या टॉवरांवर चढवली तर त्याच वाटेने दुपटीच्या आसपास वीज नेता येते, एक झाड न पाडता. गळती वाढते आणि दुसरी स्वतंत्र जोडणी काही मिळत नाही. तरी "हे तपासलंत काय?" हा प्रश्न लेखी विचारा.

जमिनीखाली

ग्रामसभेत टाळ्या मिळवायच्या असतील तर हे म्हणा. केरळचं उदाहरण दिलं जातं आणि ते खरं आहे: तामिळनाडूतल्या पुगलूरहून त्रिशूरला जाणारी ३२० केव्हीची लाईन केरळात जवळजवळ २७ किलोमीटर रस्त्याच्या कडेने जमिनीखालून जाते. २०२१ मध्ये ती सुरू झाली. पण ती डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेची लाईन आहे, दोन्ही टोकांना प्रचंड परिवर्तन केंद्रं असलेली. आपली एसी, सतत दिशा बदलणाऱ्या विजेची. लांब एसी केबल स्वतःच विजेचा मोठा भार खाऊन बसते, तो आवरायला मधे रिअ‍ॅक्टर नावाची यंत्रं बसवावी लागतात. केबल ड्रमवर मावेल तेवढ्याच लांबीची येते, म्हणून दर थोड्या अंतराने सांध्याचा खड्डा. चिऱ्याच्या जमिनीत चर खणायचा, त्यावर खोल मुळांचं झाड लावायचं नाही. बिघाड झाला तर शोधून दुरुस्त करायला दिवस नव्हे, आठवडे. खर्च कित्येक पटींनी. अख्ख्या मार्गाला मागाल तर हसून फाईल बंद करतील. वाडीजवळचा, शाळेजवळचा दोन किलोमीटरचा अडलेला तुकडा मागाल तर ऐकावं लागेल.

पैसे आणि कागद

अशा लाईनला पर्यावरण अधिसूचनेखाली जनसुनावणी नाही. खाणींच्या सुनावण्या बघून सवय झालेल्यांना हे पटत नाही, पण आहे तसं आहे. वीज कायद्याच्या कलम १६४ खाली कंपनीला १८८५ च्या तार कायद्याचे अधिकार मिळतात: जमीन तुमच्या नावावरच राहते, वापराचा हक्क त्यांचा, नुकसानभरपाई द्यायची. अडवलंत तर जिल्हाधिकारी आदेश देऊ शकतात. भरपाई कमी वाटली तर जिल्हा न्यायाधीशांकडे जाता येतं. म्हणजे हरकत घ्यायची वेळ ती वर्तमानपत्रातल्या बारीक अक्षरातल्या जाहिरातीची, गावाचं नाव छापून येतं तेव्हाची. खड्डे खणायला लागल्यावर धावून फार काही हाती लागत नाही.

दराचं म्हणाल तर केंद्राने २०१५ मध्ये टॉवरच्या पायाला जमिनीच्या किमतीच्या ८५ टक्के आणि तारेखालच्या पट्ट्याला जास्तीत जास्त १५ टक्के असं सुचवलं होतं. जून २०२४ मध्ये ते २०० आणि ३० टक्के झालं. चौरस मीटरला १०० रुपये किंमत धरा आणि तुमच्या जमिनीतून पट्टा ५० मीटर जातो असं समजा: २,३०० चौरस मीटर, जुन्या हिशेबाने ३४,५०० रुपये, नव्याने ६९,०००. झाडांचे पैसे वेगळे. राज्यात कोणता हिशेब चालणार हे जिल्हाधिकाऱ्यांकडून लेखी घ्या.

आणि एक-चौदाचा उतारा (आपला गोव्याचा सात-बारा) आजच काढा. सत्तरी तालुक्यातल्या मोकाशाच्या (जुन्या इनामाच्या) जमिनी कसणाऱ्यांना हे सांगायला नको; कसतो एक, नाव दुसऱ्याचं, चेक जातो नाव असलेल्याकडे. कूळ म्हणून नोंद नसेल तर आधी मामलेदाराकडे जा. आमच्या उताऱ्यावर अजून आजोबाच आहेत. सात वारसांपैकी सहा सह्या झाल्या. सातवे काका मुंबईला. गणपतीला येतो म्हणाले आहेत.