महिना ३० पौंडांची एमएमए टिप सेवा: माझ्या वहीतला सहा महिन्यांचा हिशोब

फेब्रुवारी ते जुलै २०२४ असे सहा महिने मी एका टिप सेवेची वर्गणी भरली. टेलिग्रामवरचा बंद ग्रुप, महिना ३० पौंड. एमएमए म्हणजे ठोसे, लाथा आणि कुस्ती सगळं चालणाऱ्या मिश्र लढती, आणि यूएफसी ही त्या भरवणारी सगळ्यात मोठी संस्था. यूएफसीच्या प्रत्येक कार्यक्रमाआधी चार-पाच लढतींवर कुणावर पैसे लावायचे ते तिथे येतं. सेवेचं नाव लिहीत नाही. अशा सेवा पुष्कळ आहेत आणि मला सांगायचंय ते त्यांच्यातल्या बहुतेकींना लागू पडेल.

मी मूळची सांगलीची, मँचेस्टरमध्ये नर्स आहे. इथे अठरा वर्षांवरच्या माणसाला परवानाधारक बुकीकडे पैज लावता येते. भारतात २०२५ च्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आली आहे, त्यामुळे तिकडच्या वाचकांनी हे फक्त वाचावं. कुणाच्या सांगण्यावरून चोरवाटेच्या अॅपवर जाऊ नये. तिथे पैसे अडकले तर दाद मागायला कुणी नसतं.

घरात कुस्ती होती. आजोबा तालमीत वस्ताद, बाबा अजूनही जत्रेचं मैदान चुकवत नाहीत. एमएमए बघायला लागले ती भरत खंडारेमुळे. नोव्हेंबर २०१७ मध्ये शांघायला तो यूएफसीत उतरला, असा पहिला भारतीय, आणि तोही महाराष्ट्राचा. पहिल्याच फेरीत साँग यादोंगने त्याची मान पकडली आणि लढत संपली. बाबा फोनवर एवढंच म्हणाले, ‘मान दिली गं त्यानं.’ तेव्हापासून मी बघते. पैसे मात्र बऱ्याच उशिरा लावायला लागले.

सेवा घेण्याचं कारण माझी स्वतःची एक चूक होती. ऑक्टोबर २०२३, अबू धाबी, अंशुल जुबली विरुद्ध माइक ब्रीडन. मी एरवी पाच पौंड लावते, त्या दिवशी पन्नास लावले. अंशुल आपला म्हणून. भाव इतका कमी होता की जिंकूनही फारसं काही हाती आलं नसतं, तरी लावले. दोन फेऱ्या तो चांगला लढला, तिसरीत ब्रीडनच्या ठोशाने खाली गेला. पैसे गेल्याचं दुःख दोन दिवसांत विरलं. पण आपण हिशोब न करता पैज लावली हे मला लागून राहिलं. वाटलं, ज्याला आपलेपणाची भुरळ पडत नाही अशा माणसाच्या मागे जावं.

आधी चांगलं सांगते. टिप देणाऱ्या माणसाला खेळ कळतो. पायात घुसणाऱ्या मल्लाला कोण अडवेल, डावखुऱ्याची लाथ कुणाला जड जाईल, हे तो दोन परिच्छेदांत नीट लिहायचा. माझी एक खोड त्याच्यामुळे सुटली. सांगलीकडचं डोकं, समोरच्याला खाली आणलं की मी मनातल्या मनात फेरी त्याच्या नावावर लिहून टाकायचे. आपल्याकडे पाठ लागली की कुस्ती संपली. इथे तसं नाही. पंच आधी ठोसे आणि पकडींचा परिणाम बघतात, नुसतं वरून दाबून ठेवण्याला महत्त्व त्यानंतर. हे डोक्यात बसलं तेव्हा माझे अंदाज सुधारले.

आता हिशोब. सहा महिन्यांत त्याने एकेका लढतीवरच्या ११२ पैजा सुचवल्या. मी प्रत्येकीवर सारखेच पाच पौंड लावले. माझी एकूण पुंजी ५०० पौंडांची, तिचा एक टक्का म्हणजे पाच. त्याने दिलेल्या भावांनी मोजलं तर मी ३३ पौंड फायद्यात असायला हवी होते. प्रत्यक्ष मला जे भाव मिळाले त्यांनी मी ९ पौंड तोट्यात गेले. लढवय्ये तेच, निकाल तेच.

फरक दहा मिनिटांचा आहे. त्याचा संदेश आला की ग्रुपमधली सगळी माणसं एकाच नावावर तुटून पडतात आणि बुकी लगेच भाव खाली आणतो. २.२० चा भाव मी वॉर्डातून बाहेर येऊन फोन बघेपर्यंत २.०० झालेला असायचा. २.२० म्हणजे पौंड लावून जिंकलं तर मूळ पौंड धरून २.२० हातात. ऐकायला फरक किरकोळ वाटतो, पण गणित करून बघा. २.२० म्हणजे लढवय्याने शंभरात साधारण ४५-४६ वेळा जिंकलं तर बरोबरी. २.०० म्हणजे ५० वेळा जिंकायला हवा. त्याची खरी शक्यता ४८ असेल, तर संदेश पाठवणाऱ्याची पैज फायद्याची आणि तीच माझी तोट्याची. तो मात्र महिनाअखेरीस २.२० नेच हिशोब मांडतो. तो खोटं बोलतो असं मी म्हणत नाही, त्याला तो भाव मिळालेला असेलही. मला मिळत नव्हता, आणि वर्गणी मी भरत होते.

वर्गणीचं तर मी आधीच बघायला हवं होतं. महिन्याला साधारण १९ पैजा, पाच पौंडांच्या हिशोबाने सुमारे ९३ पौंड लावले जातात. त्यावर ३० पौंड वर्गणी. म्हणजे नुसती वर्गणी भरून निघायलाच लावलेल्या पैशांवर तीसेक टक्के फायदा हवा. एवढा फायदा कोण सातत्याने काढतं? ज्याची एक पैज शंभर पौंडांची आहे त्याला ही वर्गणी कदाचित परवडेल. माझ्यासारख्याला पहिल्या दिवसापासून परवडणारी नव्हती. ९ पौंड पैजांचे आणि १८० वर्गणीचे, एकूण १८९ पौंड गेले.

दर शनिवारी ‘आजची पाचाची साखळी’ यायची, पाच लढवय्ये एकाच पैजेत गुंफलेले, पाचही जिंकले तरच पैसे. मी तिला कधी हात लावला नाही. बुकीच्या भावात त्याचा हिस्सा आधीच धरलेला असतो. दोन्ही लढवय्यांच्या भावांवरून शक्यता काढून बेरीज करा, ती शंभराच्या वर जाते. तो हिस्सा प्रत्येक लढतीत पाच टक्के धरला, तर पाचांच्या साखळीत तुमच्या १०० पौंडांची किंमत लावतानाच ७८ वर येते. साखळी लागली की ग्रुपमध्ये चित्रं, टाळ्या. न लागलेल्या साखळ्यांचे संदेश दुसऱ्या दिवशी गायब. हे मी वहीत लिहून ठेवलं म्हणून मला माहीत आहे.

पैज कधी लावायची याबद्दल आमचे मतभेद होते आणि तिथे त्याचाही मुद्दा खरा आहे. तो सोमवारी-मंगळवारी लावतो, कारण तेव्हा भाव कच्चे असतात. माझ्या स्वतःच्या पैजांसाठी मी लढवय्यांची वजनं होईपर्यंत थांबते. बहुतेक वेळा शुक्रवारी सकाळी वजनं होतात. वजनगटात बसायला लढवय्ये एका दिवसासाठी शरीरातलं पाणी काढून काट्यावर उभे राहतात, आणि अंगातलं पाणी कमी झालेला माणूस कसा दिसतो हे मी कामावर रोज बघते. डोळे आत गेलेले, ओठ सुकलेले, काट्यावर चढताना तोल जातोय, असा लढवय्या दिसला की मी ती लढत सोडून देते. तो माणूस हरेलच असं नाही. त्याच्याबद्दल मी काही सांगू शकत नाही, म्हणून सोडते. आठवड्याला बारा-चौदा लढती असतात. त्यातली एकही घेतली नाही तरी चालतं, हे या ग्रुपमध्ये कुणी कधी म्हटलं नाही. वर्गणी घेतली की दर शनिवारी काहीतरी द्यावं लागतं, ही त्या धंद्याची अडचण आहे.

निकाल पंचांकडे गेला तर काय होतं ते जूनमध्ये पाहिलं. लुईव्हिलला पूजा तोमर जिंकली, यूएफसीत जिंकणारी पहिली भारतीय स्त्री. एका पंचाने तिन्ही फेऱ्या तिच्या नावावर लिहून ३०-२७ दिले, दुसऱ्याने नेमके उलटे, तिसऱ्याने २९-२८ तिच्या बाजूने. मी आनंदाने रडले, आणि तिच्यावर एक पेनीही लावलेली नव्हती. अंशुलच्या वेळी ठरवलं होतं, आपल्या माणसाची लढत नुसती बघायची.

वर्गणी बंद केली ती यूएफसी ३०४ च्या रात्री. २७ जुलै, आमच्याच मँचेस्टरमध्ये. अमेरिकेच्या वेळेसाठी मुख्य लढती पहाटे तीनला सुरू झाल्या. टॉम ॲस्पिनॉलने कर्टिस ब्लेड्सला मिनिटभरात संपवलं, तेव्हा ग्रुप खूश होता. शेवटी लिऑन एडवर्ड्स, ज्याच्यावर सेवेची त्या महिन्याची सगळ्यात मोठी पैज होती, बेलाल मुहम्मदकडून गुणांवर हरला. उजाडायच्या सुमारास संदेश आला: पुढच्या शनिवारी दुप्पट लावून भरून काढू.

तो वाचून मला भीती वाटली. रात्रभर जागलेली, हरलेली माणसं हातात फोन घेऊन बसलेली असताना त्यांना दुप्पट लावायला सांगायचं? हरलेले पैसे भरून काढायला लावलेली पैज किती वाईट असते हे त्या माणसाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक असणार. इथे बँकेच्या अॅपमध्ये जुगाराचे व्यवहार बंद करता येतात, गॅमस्टॉपवर, म्हणजे स्वतःला जुगारापासून लांब ठेवायच्या यादीत, नाव नोंदवलं की परवाना असलेल्या सगळ्या ऑनलाइन बुकींचे दरवाजे किमान सहा महिने बंद होतात, क्रेडिट कार्डाने पैज लावणं तर एप्रिल २०२० पासूनच बंद आहे. सहा महिन्यांत यातल्या एका गोष्टीचाही ग्रुपमध्ये उल्लेख नाही. घरभाड्याच्या पैशांना हात लावणारा एखादा त्या ग्रुपमध्ये असेल, तर त्याच्यासाठी तो संदेश काय होता याचा विचार कुणीतरी करायला हवा होता.

पाचपैकी दोन तारे देते, दोन्ही खेळाच्या लिखाणाला. ते लिखाण त्याने वेगळं, पैजांशिवाय विकलं तर मी आजही महिना पाच पौंड देईन.

आता माझ्याकडे वही आहे. भाव बघायच्या आधी मी लढवय्याची शक्यता त्यात पेनाने लिहिते, मगच बुकीचे भाव उघडते. माझ्या आकड्याहून भाव बराच चांगला असेल तर पाच पौंड, नाहीतर रिकामी ओळ. रिकाम्या ओळी जास्त आहेत.

वर्गणी रद्द करणाऱ्यांसाठी: ग्रुप सोडला म्हणजे पैसे कापणं थांबत नाही. ऑगस्टचे ३० पौंडही गेले होते. ईमेल केला, नऊ दिवसांनी परत आले.