डोंगराआडच्या घरासाठी डीडी फ्री डिश

डोंगराआडच्या गावांत जुन्या अँटेनावर चित्रापेक्षा मुंग्याच अधिक दिसत. प्रक्षेपक आणि अँटेना यांच्यामध्ये डोंगर आला, की लहरींचा अगदी थोडा अंश माथ्यावरून खाली वळतो आणि बाकीच्या समोरच्या कड्यांवर आपटून किंचित उशिराने येतात, त्यामुळे पडद्यावर माणसांना दुहेरी सावल्या फुटत. २०२२पर्यंत प्रसार भारतीने मोजकी ठिकाणे वगळता हे ॲनालॉग प्रक्षेपण थांबवले. आता केबल न पोहोचलेल्या वाडीसाठी, मासिक वर्गणी नको असेल तर, उपग्रहावरून वाहिन्या देणारी प्रसार भारतीची डीडी फ्री डिश हाच सरळ पर्याय उरतो. २००४मध्ये डीडी डायरेक्ट प्लस या नावाने सुरू झालेल्या या सेवेसाठी छत्री (डिश अँटेना) आणि सेट-टॉप बॉक्स मिळून साधारण दोन हजार रुपये एकदाच मोजावे लागतात.

कुंभार्ली घाटाखालच्या पोफळीसारख्या गावात पूर्वेला सह्याद्रीची भिंत उभी असल्याने इथे छत्री चालेल का, ही शंका हमखास निघते. ती निराधार आहे. सेवेचा जीसॅट-१५ हा उपग्रह ९३.५ अंश पूर्व रेखांशावर आहे आणि चिपळूण परिसरातून तो आग्नेयेला, क्षितिजापासून सुमारे ५९ अंश उंचीवर येतो. दोन किलोमीटरवरचा नऊशे मीटर उंच कडासुद्धा जेमतेम २४ अंश आकाश व्यापतो.

खरा अडथळा परसातल्या फणसाचा. छत्रीपेक्षा दहा मीटर उंच झाड त्या दिशेला असेल, तर छत्री त्यापासून निदान सहा मीटर दूर हवी, आणि फांद्या वाढणार हे धरून आणखी थोडी. इथे डोळा फसतो, कारण ऑफसेट प्रकारच्या, म्हणजे लहरी पकडणारा भाग मधोमध नसून खालच्या बाजूला असलेल्या, छत्रीचा पत्रा दिसायला बराच उभा असतो, प्रत्यक्षात मात्र ती पत्र्याच्या रोखापेक्षा वीस-पंचवीस अंश वर पाहत असते. त्यामुळे पत्र्यासमोर मोकळे दिसते म्हणून निश्चिंत राहू नये.

पावसाळ्यातील कामगिरी मध्यमच म्हणावी लागेल. ही सेवा ज्यावर चालते त्या केयू बँडच्या (उच्च वारंवारतेच्या) लहरी जोरदार सरीत क्षीण होतात आणि आषाढातल्या एखाद्या झोडपणाऱ्या सरीत चित्र गोठते, हे कोकणात गृहीतच धरावे. साठ सेंटिमीटरऐवजी नव्वद सेंटिमीटरची छत्री घेतल्यास सव्वादोनपट पृष्ठभाग मिळतो. माझ्या मते घाटाखाली हा जादा खर्च योग्य आहे, मात्र मोठ्या छत्रीला वाराही तेवढाच अधिक लागत असल्याने खांब सिमेंटमध्ये पक्का रोवावा आणि लहरी पकडणाऱ्या भागाचा, म्हणजे एलएनबीचा, जोड रबरी टोपीने झाकावा.

वाहिन्यांच्या बाबतीत अपेक्षा माफक ठेवाव्यात. डीडी सह्याद्री मिळते, परंतु खासगी वाहिन्यांच्या जागा ई-लिलावाने ठरत असल्याने आज दिसणारी मराठी वाहिनी पुढल्या वर्षी असेलच असे नाही. एखाद्या ठरावीक मालिकेसाठी छत्री घेणाऱ्याने चालू यादी आधी पाहून घ्यावी.