ऑइल टेम्परेचर गेज: आठ महिने वापरल्यानंतर

गेज कोणतं घेतलं यापेक्षा सेन्सर कुठे बसवला, यावर आकड्याचा खरेपणा ठरतो. आठ महिन्यांच्या वापरानंतर हे मत पक्कं झालंय. सेटअप असा आहे: ऑइल फिल्टर आणि इंजिन ब्लॉकच्या मध्ये सँडविच प्लेट (ऑइलच्या वाटेत बसणारी चकती), तिच्यात दोन वायरींचा एनटीसी सेन्सर (तापमानानुसार रोध बदलणारा), आणि डॅशवर नोंद ठेवणारं डिजिटल गेज. गाडी टर्बो पेट्रोल. रोज रस्त्यावर, अधूनमधून ट्रॅकवर.

वेगळं गेज लागतंच कशाला? कंपनीचा कूलंटचा काटा मधोमध आला तरी ऑइल अजून थंड असतं. कूलंट पाच-सात मिनिटांत ९० अंशांवर येतं, तर ऑइलला बहुतेक वेळा पंधरा-वीस मिनिटं लागतात. ओबीडीवर (गाडीच्या तपासणी सॉकेटवर) ऑइल टेम्परेचरसाठी ५सी हा पीआयडी, म्हणजे माहितीचा कोड आहे, पण पुष्कळ गाड्या तो देत नाहीत. काही गाड्यांत ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) प्रत्यक्ष मोजतच नाही. आरपीएम, लोड आणि कूलंटवरून अंदाज बांधतो. ट्रॅकवर जोरात फेऱ्या सुरू झाल्या की अशा अंदाजावर विसंबणं धोक्याचं आहे.

आता जागा. ड्रेन बोल्टच्या ठिकाणी बसवलेला सेन्सर चेंबरमधल्या (इंजिनच्या तळाच्या ऑइलच्या भांड्यातल्या) साठ्याचं तापमान दाखवतो. बसवायला सोपा, पण खालून दगड लागायची भीती, आणि लांब वळणावर ऑइल एका बाजूला गेलं की आकडा डगमगतो. सँडविच प्लेटमध्ये पंपाने ढकललेलं ऑइल सेन्सरवरून सतत वाहतं, म्हणून मला हीच जागा पटली. सगळ्यात वाईट जागा म्हणजे प्रेशर स्विचला टी (तीन तोंडांचा जोड) लावून तिच्या टोकाला टेम्परेचर सेन्सर. प्रेशर तिथे बरोबर कळतं, पण त्या बंद गल्लीत ऑइल फिरतच नाही. आकडा कमी आणि उशिरा येतो. सेन्सरचं टोक प्रवाहात बुडलेलं हवं. ऑइल कूलर असेल तर प्लेटमधलं छिद्र कूलरकडे जाणाऱ्या बाजूला आहे की परतीच्या, हेही बघून घ्या.

आटे जुळवताना घाई नको. एनपीटी हे अमेरिकन आणि बीएसपीटी हे ब्रिटिश पाइप-आट्यांचं मानक: १/८ एनपीटीला इंचात २७ आटे, १/८ बीएसपीटीला २८. एकमेकांत दोन-तीन फेरे सहज जातात आणि मग अडकतात. जोर लावला की ॲल्युमिनियमची प्लेट तडकते. एम१०×१ला (१० मिमी व्यासाचे सरळ मेट्रिक आटे) खाली तांब्याचा वॉशर लागतो.

एका वायरीचा सेन्सर अर्थिंग आट्यांमधून घेतो. त्यावर टेफ्लॉन टेप भरपूर गुंडाळली की रोध वाढतो. एनटीसीमध्ये तापमान वाढलं की रोध घटतो, म्हणजे जास्तीचा रोध गेजला थंडावा वाटतो. चूक नेमकी घातक बाजूला होते: ऑइल १३५वर, गेज १२५ दाखवतंय. हेडलाइट किंवा रेडिएटर फॅन लागला की आकडा उडत असेल तर आधी अर्थिंग तपासा. दोन वायरींचा सेन्सर घेतलात तर ही कटकट बरीचशी संपते.

बसवण्याआधी उकळत्या पाण्यात तपासा. टोक भांड्याच्या तळाला टेकू देऊ नका. समुद्रसपाटीला १०० अंश, आणि दर ३०० मीटर उंचीला साधारण एक अंश कमी. पण ही चाचणी एकाच बिंदूची. दुसऱ्याच गेजचा सेन्सर जोडला असेल तर १००च्या आसपास ठीक दिसून १३०ला फरक पडू शकतो. त्यासाठी सेन्सरच्या तक्त्यात १३० अंशांना जेवढे ओहम दिले आहेत तेवढा रेझिस्टर सेन्सरच्या कनेक्टरवर लावा. गेजने १३० दाखवलं तर वायरिंग आणि गेज दोन्ही बरोबर. इन्फ्रारेड गनने चकचकीत चेंबर मोजून ताळा करू नका, ती कमीच दाखवते. मोजायचंच तर मॅट काळा पट्टा चिकटवून त्यावर मोजा.

वापरताना ८०च्या खाली पूर्ण थ्रॉटल नाही. रस्त्यावर ९० ते ११० उत्तम. रोजचा प्रवास इतका छोटा असेल की ऑइल १००च्या जवळ जातच नाही, तर त्यात पाणी आणि पेट्रोल साचत राहतं. ट्रॅकवर चांगल्या सिंथेटिकसाठी १२०-१३० चालतं. अलार्म १३०वर ठेवलाय. वाजला की एक फेरी हळू, इंजिन बंद न करता. सोबत प्रेशरही बघावं, कारण ऑइल पातळ होतं तसं गरम इंजिनच्या आयडलला प्रेशर आधी उतरतं.

नोंद ठेवण्याची सोय या गेजची सगळ्यात कामाची गोष्ट: आकडा एका जागी स्थिरावतो की प्रत्येक फेरीला दोन अंश चढत जातो, हे नंतर निवांत बघता येतं. चढतच असेल तर कूलर हवा. डिस्प्ले उन्हात फिका पडतो, ही माझी एकमेव तक्रार.

फिल्टर बदलताना एक काळजी घ्या: फिल्टर उलटा फिरवला की प्लेटचा मधला बोल्टही सैल होऊ शकतो. तो कंपनीने दिलेल्या टॉर्कवर आहे का बघा, ओ-रिंग चपटी झाली असेल तर नवी घाला, इंजिन सुरू करून दोन मिनिटं कडेला गळती शोधा आणि मगच निघा.