फियाट डिलाइटला अल्टरनेटर, रिले आणि नवं वायरिंग: पावसाळा काढल्यानंतरचा अनुभव

गाडी १९७० ची फियाट ११०० डिलाइट, मुंबईत कुर्ल्याच्या प्रीमियर कंपनीत बनलेली, काकांकडून आलेली. इंजिन, डेंटिंग-पेंटिंग सगळं उरकल्यावर इलेक्ट्रिकलला हात घातला आणि आता अख्खा पावसाळा आणि वर थंडीपण काढून झालीय, गाडी पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये आणि घाटात दोन्हीकडे फिरते, त्यामुळे आता लिहायला हरकत नाही. ज्यांना वाटतं डायनॅमो (बॅटरी चार्ज करणारं जुन्या पद्धतीचं जनित्र) काढून मारुती ८०० चा अल्टरनेटर (त्याच कामाचं नवं जनित्र, आयडललाही चार्ज करणारं) बसवला की काम झालं, त्यांनी जरा थांबा. माझ्या गाडीत निम्म्याहून जास्त फरक अर्थिंग (बॅटरीच्या निगेटिव्हचं गाडीच्या पत्र्याशी कनेक्शन) आणि रिलेनेच (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) पडला, अल्टरनेटरचा नंबर त्यानंतर.

आधीची अवस्था फियाटवाल्यांना माहितीच असेल. सिग्नलला गाडी आयडलवर (उभी, इंजिन नुसतं चालू) आली की चार्जिंगचा लाल दिवा मिणमिणायला लागतो, हेडलाइट पिवळे पडतात, आणि वायपर चालू असताना इंडिकेटर दिला की वायपरला पेंग येते. हा बिघाड नाही, डायनॅमोची जातच तशी, आरपीएम चढल्याशिवाय तो चार्ज करत नाही आणि तोवर कटआउट नावाचा आपोआप चालणारा स्विच त्याला बॅटरीपासून तोडून ठेवतो. तेव्हाच्या मोकळ्या रस्त्यांवर चालून जायचं, आता कर्वे रोडला संध्याकाळी सातला कसं चालणार.

आता अर्थिंग. गाडी नवीन पेंट झाली की अर्थचे पॉइंटपण पेंट होतात हे पेंटरच्या डोक्यात नसतं आणि वायरमन त्याच पेंटवर बोल्ट आवळून मोकळा होतो. मल्टिमीटर असेल तर एक काम करा, हेडलाइट चालू ठेवून एक प्रोब बॅटरीच्या निगेटिव्हवर आणि दुसरा हेडलाइटच्या अर्थच्या वायरवर लावा. ०.२ व्होल्टच्या वर काही दिसलं तर तिथेच व्होल्टेजची चोरी होतेय. माझ्याकडे जवळजवळ एक व्होल्ट दिसत होता. बोल्ट सोडला तर खालची रिंग हिरवीगार आणि तिच्याखाली चकचकीत नवा पेंट, पत्रा कुठे दिसतच नव्हता. पॉलिश पेपरने पत्रा उघडा केला, नवीन लग (वायरच्या टोकाच्या धातूच्या रिंगा) दाबून लावले, वर ग्रीस. इंजिन ते बॉडीची अर्थची पट्टी पण बदलली, ती कुणी बघतच नाही. एवढ्यानेच सेल्फ दणक्यात फिरायला लागला, बॅटरी तीच होती.

मग रिले. मूळ वायरिंगमध्ये हेडलाइटचा सगळा करंट स्विचमधून फिरून पुढे जातो, म्हणजे ५० वर्षांचे कॉन्टॅक्ट आणि कडक झालेली वायर. बल्बला मिळणारा व्होल्टेज १० टक्क्यांनी पडला तर उजेड साधारण ३० टक्क्यांनी पडतो, त्यामुळे व्होल्टभराचं नुकसान किरकोळ समजू नका. मी हाय बीम आणि लो बीमला वेगवेगळे रिले लावले, बॅटरीवरून फ्यूज टाकून अडीच स्क्वेअर एमएमची वायर थेट पुढे नेली, जुनी वायर आता फक्त रिले ओढायला. बल्ब साधे हॅलोजन, ६०/५५ वॅटचे. दुकानात १००/९० गळ्यात मारतात, घेऊ नका, कायद्यात बसत नाहीत आणि जुना होल्डर वितळतो. एलईडीच्या भानगडीतही पडलो नाही, जुन्या रिफ्लेक्टरमध्ये त्याचा फोकस बसत नाही, समोरच्याचे डोळे दिपतात आणि आपल्याला रस्ता दिसतो तेवढाच दिसतो.

फ्यूजबॉक्समधले जुने टोकदार फ्यूज काढून ब्लेड फ्यूजचा बॉक्स टाकला. त्या जुन्यांच्या टोकांना गंज धरतो आणि नुसतं बोट लावून फिरवलं की लाइट येते, असले खेळ कमी झाले.

अल्टरनेटर नाना पेठेतून रिकंडिशन केलेला घेतला, ब्रॅकेट लेथवाल्याकडून करून घेतली. दोन गोष्टी महत्त्वाच्या. पुली क्रँक आणि वॉटर पंपाच्या पुलीच्या एका रेषेत हवी, कारण फियाटला तोच पट्टा पंप आणि फॅन फिरवतो, म्हणजे पट्टा गेला की चार्जिंगपण गेलं आणि गाडीपण तापली. दुसरं म्हणजे डॅशबोर्डवरचा चार्जिंगचा दिवा साध्या फिलामेंट बल्बचाच ठेवा, अल्टरनेटरला जागं करणारा करंट त्यातूनच जातो, तिथे एलईडी टाकला तर गाडी चालू केल्यावर रेस दिल्याशिवाय चार्जिंग सुरू होत नाही असा प्रकार होऊ शकतो. चार्जिंगची वायरही जाड, डायनॅमोच्या वायरवर अल्टरनेटर चालवू नका.

आणि हे लिहायलाच हवं. मध्ये एका गॅरेजमध्ये कार्ब्युरेटर ट्यून करायला गाडी दिली होती तर तिथले जुने मिस्त्री इंजिन चालू असताना बॅटरीचं टर्मिनल काढायला पाना घेऊन वाकले, "बघू की साहेब चार्ज करतोय का." अहो काका थांबा थांबा म्हणत मी हात धरला त्यांचा! डायनॅमोच्या काळात ही टेस्ट खपून जायची, अल्टरनेटरला तसं केलं की व्होल्टेज एकदम उसळतो आणि त्याच्या आतले डायोड, व्होल्टेज काबूत ठेवणारा रेग्युलेटर जाऊ शकतात. त्यांना मीटरवर आयडलचे १४.१ व्होल्ट दाखवले तेव्हा म्हणाले, "मग बरोबर आहे." वेल्डिंग करायचं असेल तरी आधी बॅटरी आणि अल्टरनेटरच्या वायरी काढून ठेवा.

तक्रारी पण आहेत. पहिली ब्रॅकेट पातळ पट्टीची होती, काही महिन्यांत वेल्डजवळ केसाएवढा तडा दिसला, मग जाड पट्टीची करून घेतली. थंडीत सकाळी पट्टा किंचाळतो, विशेषतः लगेच लाइट लावले तर, ताण दोनदा अ‍ॅडजस्ट करावा लागला. बाकी ताम्हिणीत धो धो पावसात वायपर, हेडलाइट, डिफॉगरचा छोटा पंखा सगळं एकदम चालू होतं आणि लाल दिवा एकदाही लागला नाही. खर्च मजुरी धरून दहा हजारांच्या आतबाहेर, त्यात अर्थिंगचा खर्च म्हणाल तर वडापावाएवढा.

ओरिजिनॅलिटीवाले ओरडणार हे माहितीय. ५० वर्षांवरच्या गाडीला २०२१ च्या नियमाने व्हिंटेज नोंदणी मिळते आणि तिथे चॅसी, बॉडी, इंजिनमध्ये मोठे बदल चालत नाहीत, म्हणून बॉडीला एकही नवीन भोक पाडलेलं नाही. डायनॅमोचा जुना रेग्युलेटर जागेवरच आहे, आतून रिकामा, आणि डायनॅमो त्याच्या बोल्टांसकट तेल लावून माळ्यावर. इग्निशनचे जुने पॉइंट-कंडेन्सरही तसेच ठेवलेत, चालतंय ते कशाला काढा. आता फक्त हॉर्न जुन्या वायरवर राहिलाय, त्याचा रिले आणून ठेवलाय, लावला की कळवतो.